गुत्ता, परमिट रूम आणि दरवाजा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळवला, तो दारू पिण्याच्या जागांचा आणि तिथल्या गर्दीचा. त्यावर एका चालकांनी अगदी नम्रपणे विचारले, "चैत्रात, रामनवमीच्या तोंडावर, दारूच्या दुकानांवर व्याख्यान?" त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण आम्ही पिण्याविषयी बोलणार नाही. पिणारे पितात, न पिणारे पीत नाहीत आणि व्याख्यानांनी त्यांत फारसा फरक पडल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते दरवाजाविषयी. आणि भोर-वेल्ह्याच्या माणसांशी दरवाजाविषयी बोलण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण दरवाजाचे शास्त्र आपल्याच डोंगरात तयार झाले आहे.

वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. नाव योग्यच आहे. आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच बसलेले आहे. तर त्या राजगडाला किती दरवाजे? पाली दरवाजा आहे, गुंजवणे दरवाजा आहे, अळू दरवाजा आहे आणि पद्मावती माचीवर यायला चोर दरवाजा आहे. तोरण्याला वेल्ह्याकडून चढले की बिनी दरवाजा आणि मग कोठी दरवाजा लागतो, पण पलीकडे कोकण दरवाजाही आहे. शत्रूला आत येऊ द्यायचे नाही यासाठीच ज्याची उभारणी, त्या गडाला इतक्या वाटा कशाला ठेवल्या, हा प्रश्न लहानपणी आम्हांला पडत असे. उत्तर पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सापडले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला तो ग्रंथ. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे, म्हणून दोन-तीन दरवाजे करावे, शिवाय चोरदिंड्या ठेवाव्या आणि नेहमीच्या वहिवाटीला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून घ्याव्या, असा त्यातला आशय आहे. म्हणजे येण्याचा विचार एक आणि जाण्याचा विचार दुसरा. शत्रू एका दाराशी आला तर आतल्या माणसाने कुठून निघावे, हे गड बांधतानाच ठरवायचे.

आता आपण खाली उतरून शहरात जाऊ.

दारू पिण्याच्या सार्वजनिक जागेला आपल्याकडे जुना शब्द गुत्ता. इंग्रजी अमलात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा सगळा व्यवहार सरकारी परवान्याखाली आला आणि गुत्ता हे सरकारच्या तिजोरीत पैसा आणणारे एक साधन झाले. गुत्त्यापुढची गर्दी आवरणे हे त्या काळी सरकारला आपले काम वाटत नसे. गर्दी वाढली तर महसूल वाढला. १९०८ च्या वसंतात पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निरोधन सुरू झाले, स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडू लागले, तेव्हा मात्र सरकारला एकदम शांतता आणि सुव्यवस्था आठवली! त्याच वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. आमच्यासारख्याला हे साल विसरता येत नाही. एकाच वर्षी गुत्त्याच्या दारात सत्याग्रही आणि गिरणीच्या दारात संपकरी, असे महाराष्ट्राने पाहिले.

त्या गिरण्यांत आपल्या डोंगरातली माणसे होती. कोकणातून आले, साताऱ्यातून आले, तसे भोर, वेल्हे, मुळशी, मावळातूनही आले. आमचे वडील त्यांतलेच. चाळीत गावकीची खोली, पाळीप्रमाणे झोपणारे वीस-पंचवीस जण, जेवायला खाणावळ, करमणुकीला लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा, आणि पगाराच्या दिवशी काहींना गुत्ता. वडील पीत नसत, पण ज्यांना खांद्यावर घालून आणावे लागे त्यांना आणायला तेच जात. त्यांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट आमच्या मनात कायमची राहिली, आणि ती गुत्त्याची नसून गिरणीची आहे. गिरणीचा मोठा दरवाजा लोखंडी. पाळी सुटली तरी तो उघडत नसे. त्याच्या पोटातली दिंडी उघडे. त्या दिंडीतून एकेकाने वाकून बाहेर पडायचे आणि पडताना झडती द्यायची; कुणी सूत नाही ना चोरले? एकदा कापसाच्या खात्यात आग लागली. आग लहानच होती, विझलीही. पण धूर पाहून दोनशे माणसे त्या दिंडीवर आली आणि दिंडीवरचा शिपाई सवयीने झडती घेत राहिला. वडिलांच्या दोन बरगड्या तिथे मोडल्या. आगीने कुणी भाजले नाही. ती गिरणी आता नाही, तो शिपाईही नाही, म्हणून नाव घेत नाही.

ही झडतीची दिंडी लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ रोजी झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी झाली. भोर संस्थान त्याच्या दोनच वर्षे आधी, ८ मार्च १९४८ रोजी, मुंबई राज्यात विलीन झाले होते. तेव्हा पंतसचिवांच्या प्रजेला स्वराज्य आणि दारूबंदी ही एकापाठोपाठच मिळाली. मग काय झाले ते सांगायला इतिहासकार नको. ओढ्याकाठी हातभट्ट्या लागल्या, मुंबईत गल्लोगल्ली 'आंटी'चे अड्डे निघाले. आमचा एक वृद्ध कार्यकर्ता त्या अड्ड्यांविषयी एक मार्मिक गोष्ट सांगत असे. अड्डा कितीही घाणेरडा असो, त्याला मागचे दार असायचेच! पुढून पोलीस आला की मागून गिऱ्हाईक गेले पाहिजे, नाहीतर उद्या कोण येणार? म्हणजे 'आज्ञापत्रा'तली चोरदिंडी बेकायदा धंद्याला बरोबर समजली होती. ज्याला सरकारने परवाना दिला, त्याला मात्र ती समजली नाही.

साठीच्या दशकापासून बंदी सैल होत गेली. 'परमिट रूम' हा शब्द तिथलाच. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असा परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याने बसून प्यावयाची ही खोली. कायदा अजून तोच १९४९ चा आहे, आणि कागदोपत्री अजूनही पिणाऱ्याने परवाना बाळगावा लागतो. या एका शब्दात आपल्या कायद्याचा सगळा स्वभाव दिसतो. पिणारा कोण, त्याचे वय काय, परवाना आहे का, बाटली कुठल्या कारखान्याची, शुल्क भरले का, हे सर्व कायद्याने बारकाईने पाहिले. खोलीत माणसे किती आणि ती बाहेर कशी जाणार, हा प्रश्न अबकारीच्या वहीत गौणच राहिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमाने सार्वजनिक करमणुकीच्या जागांविषयी नियम करण्याचा अधिकार दिला, नियम झालेही. पण एक खाते दारूकडे पाहते, दुसरे शांततेकडे, तिसरे बांधकामाकडे, चौथे अग्नीकडे, आणि दरवाजा चौघांच्या मध्ये राहतो.

डान्स बारांचा वाद आपल्याला आठवत असेल. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सरकारने बारमधले नृत्य बंद केले. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, नंतर पुन्हा कायदे झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांतल्या अनेक अटी न्यायालयाने काढून टाकल्या. या चौदा वर्षांत आम्ही जेवढे कागद वाचले, त्यांत नाचणारीने कुठे उभे राहावे, गिऱ्हाइकापासून किती अंतरावर राहावे, मध्ये कठडा किती उंच असावा, याची मोजमापे होती. वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखाली त्या मुलींनी आपली युनियन उभारली आणि त्या आझाद मैदानापर्यंत आल्या, ही गोष्ट कामगार चळवळीने जेवढी आदराने नोंदवायला हवी होती तेवढी नोंदवली नाही. आमच्याच काही मित्रांनी तेव्हा नाक मुरडले होते. असो. तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

आता कमला मिल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा सातवीत होतो. वडील ट्रंक घेऊन गावी आले ते परत गेले नाहीत, आणि आमची शाळा तिथेच संपली. पुढचे शिक्षण आम्ही वाचनालयातल्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत घेतले. गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींविषयी नियम झाले, २००१ साली ते बदलले आणि जमिनीचा मोठा भाग मालकांच्या हाती मोकळा राहिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही त्या बदलाला धक्का लागला नाही. जिथे साचे होते तिथे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांतली तरुण माणसे आली, आणि त्यांच्यासाठी पब आले. लोअर परळची कमला मिल ही त्यांतली एक जागा.

२०१७ साली त्या भागाने तीन महिन्यांत दोन मृत्युसत्रे पाहिली. २९ सप्टेंबरला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पाऊस म्हणून माणसे थांबली, गाड्यांतून आणखी उतरली, आणि चेंगराचेंगरीत २३ जण मेले. गिरणीच्या काळात तो पूल पाळीप्रमाणे भरत असे. कचेऱ्यांच्या काळात सगळे एकाच वेळी आले आणि पूल तेवढाच राहिला. स्थानकाचे नाव पुढल्या वर्षी प्रभादेवी झाले. त्यानंतर २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला असताना, कमला मिलच्या आवारातल्या एका इमारतीच्या गच्चीवरील 'वन अबव्ह' आणि त्याच्या शेजारचे 'मोजोज बिस्ट्रो' यांना आग लागली. शेजारच्या हुक्क्याच्या निखाऱ्यातून ती लागली असा अग्निशमन दलाचा निष्कर्ष होता. वर बांबू, ताडपत्री, प्लॅस्टिक. आग मिनिटांत पसरली. १४ जण गेले, त्यांत ११ स्त्रिया. बहुतेक जण धुरात गुदमरून गेले, आणि त्यांतले पुष्कळसे प्रसाधनगृहात सापडले. बाहेर जाण्याच्या दुसऱ्या वाटेवर सामान ठेवलेले होते.

प्रसाधनगृहात का? हे आम्हांला बरेच दिवस उमगेना. मग कळले की ही मुंबईची एकटीची गोष्ट नाही. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमध्ये सांता मारिया गावात 'किस' नावाच्या नाइट क्लबला आग लागली आणि २४२ जण मेले, बहुतेक विद्यार्थी. तिथेही कितीतरी प्रेते प्रसाधनगृहांत सापडली. धुरात दिवे गेले की माणूस ज्या दाराकडे उजेड किंवा मोकळी हवा असेल असे वाटते तिकडे धावतो, आणि ओळखीच्या वाटेनेच जातो. ज्या दाराने आलो तेच दार त्याला माहीत असते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'स्टेशन' क्लबात २० फेब्रुवारी २००३ रोजी १०० माणसे मेली. तिथे दुसरी दारे होती. पण बहुतेक सगळे पुढच्याच दारावर गेले आणि दारात एकावर एक पडून दार बुजले. माणसांच्या अंगाने बुजलेले दार कुणाला उघडता येत नाही.

'किस' क्लबमधली एक गोष्ट ऐकून मात्र आम्हांला वडिलांची दिंडी आठवली. तिथे गिऱ्हाइकाच्या हातात एक चिठ्ठी देत. काय घेतले ते तिच्यावर लिहायचे आणि पैसे बाहेर पडताना भरायचे. आग लागून माणसे दाराशी धावली, तेव्हा दारावरच्या रखवालदारांनी आरंभी त्यांना अडवले. पैसे न देता पळताहेत असे त्यांना वाटले! आत काय झाले ते त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टनच्या 'कोकोनट ग्रोव्ह' क्लबात ४९२ जण मेले. पुढे फिरते दार होते, ते गर्दीने अडकले. आणि बाजूची दारे गिऱ्हाइके बिल चुकवून जाऊ नयेत म्हणून बंद करून टाकलेली होती. तो क्लब अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात चोरून चालणारा अड्डा होता. आपल्या अड्ड्याला मागचे दार तरी असे.

आणि त्याही आधी, २५ मार्च १९११ रोजी, न्यूयॉर्कच्या 'ट्रँगल' या कपड्यांच्या कारखान्यात १४६ जण गेले, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या पोरी. नवव्या मजल्यावरचे जिन्याचे दार कुलूपबंद होते, कारण जाताना एकाच दाराशी पिशव्या तपासता याव्यात. मालकांवर खटला झाला, ते सुटले. पण तिथल्या युनियनने आणि रस्त्यावरून ती आग पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स या बाईने ते दार सोडले नाही. कारखान्यांची चौकशी झाली, कायदे झाले, आणि बाई पुढे अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या मूळ ३८ व्या कलमातही हे होते की काम चालू असताना बाहेर जाण्याचे दार आतून सहज उघडता येणार नाही असे बंद करू नये, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडावे. तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या संहितेत गेला. पण कारखान्यासाठी जे शंभर वर्षांपूर्वी कळले, ते बारसाठी नव्याने शिकावे लागते, कारण बार हा कुणाला कारखाना वाटत नाही. तिथे करमणूक होते, एवढेच दिसते. तिथे दहा-बारा तास उभे राहून राबणारी पन्नास माणसे आहेत, हे दिसत नाही.

याचे एक उदाहरण गोव्याचे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास हडफड्याच्या एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ जण मेले. त्यांत पर्यटक थोडे. बहुतेक तिथलेच कामगार होते, झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा दूरच्या मुलखांतून आलेले. स्वयंपाकघर तळघरात होते आणि तिथे ते अडकले. रस्ता इतका अरुंद की बंबांना लांब उभे राहावे लागले. पहिल्या दिवशी बातम्यांत पर्यटकांची चौकशी जास्त झाली. भांडी घासणाऱ्याचे नाव कळायला वेळ लागतो.

गर्दीचे शास्त्र काही फार गूढ नाही. एका चौरस मीटरात चार माणसे असली तर ती आपल्या पायाने चालतात. सहा-सात झाली की पाय आपले राहत नाहीत. मागून लाट येते आणि माणूस तिच्याबरोबर जातो. तिथे कुणी मस्तीखोर असावा लागत नाही, दारू प्यालेला असावा लागत नाही. आपल्या भोरकरांना हे मांढरदेवीने शिकवले आहे. २५ जानेवारी २००५, पौषातली पौर्णिमा. अंबाडखिंडीतून वर गेलेले आपल्याकडचे कितीतरी लोक त्या दिवशी गडावर होते. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकाने, पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या, आणि मग दुकानांना आग. तीनशेच्या आसपास भाविक गेले. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. तिथे कोण झिंगलेला होता? देवीला निघालेली बायाबापडी होती. म्हणून आम्ही म्हणतो की दंगामस्ती हा प्रश्न वेगळा आणि चेंगरणे हा प्रश्न वेगळा. पहिला माणसाच्या स्वभावाचा आहे, दुसरा जागेचा. बार चालवणारे लोक सगळा भर पहिल्यावर देतात, कारण त्यासाठी फक्त दणकट पोरे ठेवावी लागतात.

ती पोरे आपली आहेत, हेच सांगण्यासाठी आम्ही आज एवढे बोललो.

भोर-वेल्ह्यातल्या तालमीत घाम गाळलेला पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा होतो, पोलीस भरतीत दोनदा नापास होतो, आणि मग पुण्यात 'बाउन्सर' होतो. काळा सदरा, कानात यंत्र. संध्याकाळी सातला उभा राहतो. पुण्यात परमिट रूम रात्री दीडला बंद करावी लागते, पण शेवटचे गिऱ्हाईक रिक्षात बसेपर्यंत त्याची सुटका नाही. रोजावर काम, नेमणुकीचे पत्र नाही, मार बसला तर औषध स्वतःचे, आणि मार दिला तर पोलीस चौकीत नाव त्याचे. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, माथाडी कायद्याच्या धर्तीवर केलेला. मंडळे आहेत, नोंदणी आहे. २००५ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात प्रशिक्षण सांगितले आहे. आम्ही ज्या पोरांना भेटलो त्यांतल्या एकाचीही नोंदणी नव्हती, आणि प्रशिक्षण म्हणजे काय असे विचारले तर ते दंड दाखवत.

आणि तरी सांगतो, त्यांना जे कळते ते पुस्तकात नाही. शिरवळच्या कारखान्यांतले काम आटोपून आम्ही दोन वर्षे या पोरांच्या बैठका घेतो, सोमवारी सकाळी, कारण रविवारची रात्र संपलेली असते. त्यांच्याकडून आम्ही शिकलो. भांडण हातघाईवर येण्याआधी अर्धा तास टेबलावर दिसते. आवाज चढतो, मग एकदम बंद होतो, तो बंद झालेला वाईट. भांडणाऱ्या दोन्ही टोळ्यांना एकाच दाराने एकाच वेळी काढू नये. रस्त्यावर त्यांचेच काम पुरे होते. ज्याला काढायचे त्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याच्या शुद्धीवर असलेल्या मित्राला गाठावे. दीड वाजता सगळे दिवे एकदम लावून "चला" म्हटले की दारात तीनशे माणसे येतात. त्याऐवजी एकपासूनच पेये बंद करून गाणे हळू करावे. हे सारे एका वेल्ह्याच्या पोराने सांगितले, ज्याला अर्ज नीट लिहिता येत नाही. त्याच पोराने आणखी एक सांगितले. त्याच्या जागी मागे लोखंडी दार आहे, ते कागदावर आगीची वाट म्हणून दाखवले आहे. पण तिथे सोड्याचे क्रेट रचलेले असतात आणि दाराला आतून साखळी असते. त्याला मालकाची ताकीद आहे की ते दार उघडे दिसले तर दिवसाचा रोज गेला, कारण तिकडून पोरे बिल चुकवून जातात.

आम्ही त्याला विचारले, "आग लागली तर किल्ली कुणाकडे?"

तो म्हणाला, "कॅशियरकडे."

दंड, झडती, किल्ली. गिरणी गेली तरी दिंडी राहिली. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा नीट आहे असा परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावा लागतो. दाखला होता, भिंतीवर चौकटीत लावलेला होता. साखळी दाखल्यात दिसत नाही.

आमचे म्हणणे मालकांपुढे आम्ही मांडले ते सरळ धंद्याच्या भाषेत मांडले. पैसे आधी घ्या. गल्ल्यावर पैसे, हातात टोकन, मग पेला. आपल्या जत्रेत पाळण्याला करतात तसे. मग दार उघडे ठेवायला भीती कशाची? काहींनी हसून ऐकले. एकाने सांगितले की आधी पैसे मागितले तर गिऱ्हाईक कमी पिते, आणि हा मनुष्य खरे बोलला म्हणून आम्हांला तो आवडला. दुसरी मागणी अशी की आत किती माणसे हे दारावरच्या पोराने मोजावे आणि ठरलेला आकडा भरला की थांबवण्याचा अधिकार त्याला असावा, मग बाहेर कुणाचाही मुलगा उभा असो. या मागणीवर मात्र कुणी हसले नाही आणि कुणी हो म्हटले नाही.

कमला मिलच्या त्या रात्री शेजारच्या इमारतीतल्या एका सुरक्षा रक्षकाने वाट मोकळी करून शंभरावर माणसे बाहेर काढली, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता. त्याला इमारत माहीत होती.

म्हणून मागच्या श्रावणात एका सोमवारी आम्ही पोरांना कोरे कागद दिले आणि सांगितले की आपापल्या जागेचा नकाशा काढा; दारे, जिने, कोणते दार कुठल्या बाजूला उघडते, किल्ली कुठे. अकरा पोरे होती. चौघांना मागचे दार आठवेना. एकाने राजगडाचा नकाशा काढला, सगळ्या दरवाज्यांसकट, आणि म्हणाला, "हा येतो, मामा, तो येत नाही." सगळे हसले. मग तो आपल्या जागी गेला, दिवसाउजेडी सगळी जागा फिरला आणि पुढच्या सोमवारी दुसरा नकाशा घेऊन आला.

साखळीच्या दाराच्या पोराने कॅशियरला विश्वासात घेतले. कॅशियरही कुठल्यातरी गावाहून आलेला नोकरच होता, आणि त्याची खुर्ची त्या दारापासून सर्वांत लांब होती, हे पोराने त्याला नकाशावर दाखवले. पंधरा दिवसांनी आम्हांला फोन आला की क्रेट हलवले, साखळी काढली, दाराशी एक पोरगा उभा केला. आम्ही आनंदाने चहा सांगितला. पुढच्या शनिवारी गर्दी फार झाली, त्या पोराला पुढे बोलावले, आणि क्रेट परत दाराशी आले. सोमवारच्या बैठकीत तो हे सांगत होता तेव्हा आम्ही वहीत नोंद केली आणि बैठक पुढे चालू ठेवली. ती अजून दर सोमवारी असते. सध्या एकोणीस पोरे येतात.